तुम्ही कुणाकडचे?

फुटबॉल हा काही आमच्या परभणीचा खेळ नव्हे. आमच्याकडे पोरे कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, आणि सुगी होऊन रान मोकळे झाले की क्रिकेट खेळतात. चेंडूला लाथ मारली तर आमच्या शाळेतले गुरुजी कान धरीत. अशा मुलखातले आम्ही, चाळिशी उलटल्यावर एका रात्री सहकुटुंब भर रस्त्यात, अंगावर गुलाल घेऊन, साता समुद्रापलीकडच्या एका देशाच्या विजयासाठी नाचलो. आमच्या ऑफिसातल्या मंडळींना हे आजही खरे वाटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकावे असे ठरवले.

त्याचे असे झाले. आमची धाकटी बहीण कोल्हापुरात दिली आहे. दाजी शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त फाउंड्रीत कामाला आहेत. रविवार, १८ डिसेंबर २०२२ या दिवशी भाचीचा साखरपुडा ठरला. लातूर, सोलापूर, मिरज करीत रात्रभर एस.टी.त बसून आम्ही चौघे, म्हणजे आम्ही, सौ., चौदा वर्षांची मुलगी आणि लहानगा, सकाळी कोल्हापुरात उतरलो.

बहिणीला तिथे आता बरीच वर्षे झाली होती. दारातच ती म्हणाली, "दादा, किती वेळ झाला, मी वाट बघत बसलो की!" आमच्या मुलीला हसू आवरेना. कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी 'मी आलो, मी जेवलो' असेच बोलतात, हे तिला ठाऊक नव्हते. आपलीच आत्या, पण बोली परकी. परमुलखात आल्याची पहिली खूण ती तिथेच पटली.

दुसरी खूण घराबाहेर होती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या-पांढऱ्या पताका लावलेल्या. आम्हाला वाटले, साखरपुड्याची तयारी जोरात आहे. भाचा म्हणाला, "मामा, त्या अर्जेंटिनाच्या आहेत. आज फायनल आहे." पुढच्या गल्लीत हिरव्या-पिवळ्या पताका होत्या, पण त्या जरा मलूल दिसत होत्या. ती ब्राझीलवाल्यांची गल्ली. त्यांचा संघ ९ डिसेंबरलाच क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरून घरी गेला होता. गंमत अशी की आमचे होणारे जावईबापू नेमके ब्राझीलवाले निघाले. साखरपुड्यात पेढा भरवताना भाचा मोठ्याने म्हणाला, "मामा, आपण पत्रिका बघत नाही हे बरोबर आहे, पण पोराचा संघ तरी बघायला पाहिजे होता!" मंडप हसून हसून लोटपोट झाला.

तालमींचे गाव

दुपारी जेवणे उरकल्यावर दाजींनी आम्हाला थोडे फिरवून आणले. कोल्हापूर म्हणजे कुस्ती एवढेच आम्हाला माहीत. खासबागचे मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली सुरू केले, हेही वाचलेले. पण त्याच गावातल्या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात, हे ऐकून आम्ही चकित झालो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावे तिथल्या लहान पोराला पाढ्यासारखी पाठ. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या संघांचे सामने भरवते. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या दिवशी पेठेतली दुकाने अर्धी मोकळी पडतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. हे सांगताना दाजींची छाती पोलाद ओतणाऱ्या भट्टीसारखी फुलली होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आमच्या मनात राहिली. या तालमींच्या संघांतून नायजेरियाचे खेळाडूही खेळतात. आफ्रिकेतून आलेली ही काळी, उंच पोरे पेठेतच भाड्याने खोली घेऊन राहतात. गोल मारला की तालमीची पोरे त्यांना खांद्यावर घेतात, 'भावा' म्हणून हाक मारतात. आम्ही विचारले, "आणि गोल नाही मारला तर?" दाजी हसले. म्हणाले, "मग शिव्या खातात. पण आमच्या पोरांनी नाही मारला तर तेही खातात." शिव्यांचा तरी हिशेब सारखा आहे, हे आमच्या कारकुनी डोक्याला पटले.

आमच्या मनात एक शंका होती, ती भाच्याला विचारली. आपला देश त्या स्पर्धेत नाही, मग परक्या देशासाठी एवढा जीव का टाकायचा? तो म्हणाला, "मामा, आपला संघ आजवर एकदाही वर्ल्ड कपला गेलेला नाही. १९५० ला संधी आली होती, तर संघ पाठवला नाही. मग आम्ही झेंडा कुणाचा धरायचा? ज्याचा खेळ आवडला त्याचा धरला." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

रात्री साडेअकराचा प्रश्न

रात्री साडेआठला सामना सुरू झाला. चौकात मंडळाने मोठा पडदा लावला होता. थंडी मी म्हणत होती, तरी माणसांना जागा पुरत नव्हती. आम्हाला नियम कळत नव्हते, पण पोरांचे चेहरे पाहून सगळे कळत होते. अर्ध्या खेळापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे, तेव्हा चौक नाचत होता. शेवटची दहा मिनिटे उरली असताना फ्रान्सच्या एम्बापे नावाच्या पोराने दीड-दोन मिनिटांत दोन गोल मारले आणि चौकात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. जादा वेळेत मेस्सीने पुन्हा एक मारला, एम्बापेने पुन्हा फेडला. तीन-तीन. शेवटी पेनल्टी झाल्या आणि अर्जेंटिनाने ४-२ ने बाजी मारली. १९८६ साली मॅराडोनाने आणलेला चषक ३६ वर्षांनी परत घरी आला.

मग जे झाले ते शब्दांत कसे सांगावे? हलगी आणि घुमकं कुठून आली कळले नाही. फटाक्यांची माळ लागली, मोटारसायकली फुर्रर करीत चौकात येऊन भिडल्या, गुलाल उधळला. त्या दिवशी राज्यात गावोगावी ग्रामपंचायतीचे मतदान झाले होते, मोजणी मंगळवारी होती. तो गुलाल मंगळवारपर्यंत थांबणार होता, हा थांबणारा नव्हता.

आणि आम्ही? वाचकहो, खरे सांगायचे तर आम्ही घाबरलो. सौ.चा हात घट्ट धरला, लहानग्याला कडेवर घेतले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. कारण रात्रीची हलगी आणि आरडाओरडा करीत येणारा जमाव याचा अर्थ आम्ही लहानपणी वेगळा शिकलो आहोत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आमचा जन्म त्यानंतरचा. पण आईने ते दिवस पाहिलेले. पुढे कितीतरी वर्षे, रात्री गावात वाद्य वाजले, मग ते वरातीचे का असेना, की आई आधी दिवा बारीक करी आणि दाराला कडी लावी. ती कडी आमच्या अंगात अजून आहे.

तेवढ्यात गर्दीतून एक दांडगा गडी थेट आमच्यासमोर आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत निळा-पांढरा रंग. त्याने आमच्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, "पावणं, तुम्ही कुणाकडचं?"

आमच्या पोटात गोळा आला. हा प्रश्न आम्ही जन्मभर ऐकला आहे. एस.टी.त शेजारी बसलेल्याने विचारला आहे, भाड्याची खोली दाखवणाऱ्याने विचारला आहे, खेड्यात सर्व्हेला गेलो तेव्हा पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी विचारला आहे. त्याचा अर्थ एकच असतो आणि उत्तर दिल्यावर समोरचा चेहरा कसा बदलतो तेही आम्हाला पाठ आहे. आम्ही गप्प राहिलो. काय सांगावे याचा विचार करीत राहिलो.

पण आमची मुलगी मागून ओरडली, "अर्जेंटिना!"

"मग भिताडाला का चिकटलायसा? चला की!" असे म्हणून त्याने आमचा हात धरला आणि ओढत मध्ये नेले. त्याने एवढेच विचारले होते, की अर्जेंटिनाकडचे की फ्रान्सकडचे. त्याच्या प्रश्नात दुसरे काहीही नव्हते. आम्ही मात्र आमचे चाळीस वर्षांचे ओझे त्याच्या दोन शब्दांवर ठेवून बसलो होतो.

मग आम्ही नाचलो. नाचता येत नाही, तरी नाचलो. कुणीतरी मुलीच्या हातात छोटा झेंडा दिला. लहानगा एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटत होता. भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी सौ., बहीण आणि मुलींभोवती हाताचे कडे केले होते. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. त्या चौकात बाया-मुली हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच होत्या. बाकीच्या गॅलरीत आणि उंबऱ्यावर. कडे केल्याशिवाय मुलीला नाचता येत नसेल, तर तो आनंद अजून अर्ध्याच गावाचा आहे, असे सौ. परतताना म्हणाल्या. आम्हाला ते पटले.

सकाळचा चहा

सकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहाला गेलो, तर रात्रीचा तोच गडी तिथे. तोंड धुतलेले, अंगात कामावरचा शर्ट. आम्हाला ओळखून हसला. "लय नाचलासा रात्री! गाव कुठलं?" आम्ही परभणी सांगितले. "लांबनं आलायसा की! आडनाव काय म्हणायचं?"

आम्ही आडनाव सांगितले. क्षणभर तो थांबला. तो क्षण आम्हाला घड्याळ न पाहता मोजता येतो. मग त्याने गाडीवाल्याला हाक मारली, "पावण्यांचा चहा माझ्याकडं," आणि एम्बापेविषयी बोलू लागला.

त्या क्षणात त्याच्या मनात काय आले, ते आम्ही सांगू शकत नाही. काही आलेही नसेल. पण आम्हाला त्याच गावातला दुसरा एक चहा आठवला. शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. शिवाशिवीपायी तिथे कोणी चढेना, तेव्हा शाहू महाराज स्वतः जाऊन तिथे चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. आज तेवढे राजाने येण्याची गरज उरली नाही, हे खरे. आणि तो क्षण अजून उरला आहे, हेही खरे. दोन्ही खरे आम्ही वहीत समोरासमोर लिहून ठेवले आहे. जमा आणि नावे जुळवणे हे आमचे रोजचे काम, पण हा हिशेब काही आम्हाला जुळवता आला नाही.

ज्यांनी मैदाने बांधली

त्या दिवशी दुपारी कतारहून फोन आला. आमच्या ओळखीच्या कुटुंबातला एक मुलगा दोह्याला वायरमनच्या कामावर होता. "जयभीम काका, मॅच बघितली का?" त्याचा पहिला प्रश्न. तो सामना त्याच्या राहत्या ठिकाणापासून काही मैलांवर झाला होता, पण तिकिटाचा पैसा त्याच्या आवाक्यातला नव्हता. दोह्याच्या कडेला कामगारांची वस्ती आहे. तिथे एशियन टाउनमधल्या क्रिकेटच्या मैदानावर मोठा पडदा लावला होता. नेपाळी, बांगलादेशी, केरळचे, बिहारचे, आफ्रिकेतले असे हजारो कामगार तिथे मांडीला मांडी लावून सामने बघत.

स्पर्धा सुरू होण्याआधी याच भारतीय कामगारांनी, त्यातही मुख्यतः केरळच्या मंडळींनी, अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे शर्ट घालून ढोल वाजवत दोह्याच्या रस्त्यावर मिरवणुका काढल्या होत्या. तेव्हा परदेशातल्या काही लोकांनी म्हटले, की हे खरे चाहते नव्हेत, पैसे देऊन आणलेले भाडोत्री आहेत. त्या मंडळींना हे फार लागले. ज्यांच्या गावात, कोझिकोडजवळच्या नदीत, मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे उंचच उंच कटआउट उभारले गेले, त्यांना विचारायचे की तुम्ही कुणाकडचे! गरीब माणूस हसला, तरी त्याने कुणाच्या पैशाने हसला याचा हिशेब द्यायचा, अशी ही तऱ्हा.

ती मैदाने आणि तो देश याच हातांनी बांधला होता. इंग्लंडमधल्या एका वृत्तपत्राने २०२१ साली छापले, की स्पर्धा कतारला मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत दक्षिण आशियातले साडेसहा हजारांहून जास्त कामगार तिथे मरण पावले. हे सगळे मृत्यू मैदानांच्या कामावरचे नव्हेत, पण त्या घरांतली चूल विझली ती विझलीच.

आमच्या या मुलाला आम्ही विचारले, रात्री तू बाहेर गेलास का? तो म्हणाला, "गेलो ना काका. रूमवरची पोरे मिळून जुन्या बाजारात, सूक वाकिफला गेलो. तिथे अर्जेंटिनाची माणसे रडत होती, गात होती. एका म्हाताऱ्याने मला मिठीच मारली. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी. इथे मला भेटणारा प्रत्येक जण आधी कंपनी विचारतो आणि मग नंबर. त्याने काहीच विचारले नाही." पहाटे पाचला त्याची कामाची बस होती. तो झोपलाच नाही.

तो म्हातारा ज्या देशातून आला होता, तिथली अवस्था आम्ही नंतर वाचली. त्या वर्षी अर्जेंटिनात महागाई ९४.८ टक्के वाढली. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला शंभराला मिळणारे सामान वर्षअखेर जवळपास दोनशेला. पगारावर जगणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तरी २० डिसेंबरला संघ परतला तेव्हा सरकारने सुट्टी दिली आणि ब्युनोस आयर्समध्ये सुमारे चाळीस लाख माणसे रस्त्यावर आली. खेळाडूंची बस पुढे सरकेना. शेवटी त्यांना हेलिकॉप्टरने न्यावे लागले.

गर्दीचा दुसरा चेहरा

एवढे वाचून कोणी म्हणेल, आम्ही गर्दीच्या प्रेमात पडलो. तसे नाही. त्याच कोल्हापुरात दोन तालमींच्या समर्थकांत सामन्यानंतर हाणामारी आणि दगडफेक झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. काही वेळा बंदोबस्तात खेळ करावा लागतो. तिथेही प्रश्न तोच असतो, तुम्ही कुणाकडचे? फक्त उत्तर चुकले की डोके फुटते.

परदेशातही तेच. २१ मे २०२३ ला स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात ब्राझीलच्या व्हिनिसियस या काळ्या खेळाडूला प्रेक्षकांनी माकड म्हणून हिणवले. त्याने खेळ थांबवून त्या माणसांकडे बोट दाखवले. पुढे जून २०२४ मध्ये तिघांना न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. त्याने खाली मान घालून खेळ पुढे चालू ठेवला असता, तर हे घडले नसते. आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

आणि आनंदाची गर्दीही जीव घेते. ४ जून २०२५ ला बंगळुरूमध्ये क्रिकेटच्या विजयाचा जल्लोष पाहायला लोटलेल्या गर्दीत चेंगरून अकरा जण गेले. म्हणून मिरवणुकीला मुले नेताना घरच्यांनी दोन-चार गोष्टी पाळाव्यात. मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आधी ठरवावे. अरुंद बोळात शिरू नये. गर्दी दाटू लागली की मध्ये न राहता हळूहळू कडेला निघावे, आणि काही पडले तरी उचलायला खाली वाकू नये.

आईचा प्रश्न

परभणीला परत आलो तेव्हा मुलीने तो झेंडा दाराच्या चौकटीत खोचला. आई ओट्यावर बसली होती. निळा रंग पाहून तिला आधी आपलाच वाटला. मग मधले पांढरे आणि सूर्य पाहून तिने विचारले, "कुणाचा गं हा?"

नातीने तिला सगळी हकिकत सांगितली. कुठला देश, कुठला मेस्सी, आईला त्यातले काही कळले नसावे. हलगीचे ऐकून मात्र ती सरळ होऊन बसली.

"रात्री किती वाजता?"

"साडेअकरा-बारा."

"आणि एवढी माणसं ओरडत होती?"

"हो आजी, खूप!"

आई जरा वेळ गप्प राहिली. मग तिने आमच्याकडे पाहून विचारले, "लोकांची दारं उघडी होती?"

आम्ही आठवून पाहिले. गल्लीतल्या म्हाताऱ्या उंबऱ्यावर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. एका घराने दारात पाण्याचा पिंप ठेवला होता, येईल तो पीत होता. कोणी कुणाला काही विचारत नव्हते.

"उघडी होती," आम्ही म्हणालो.

तिने मान हलवली आणि नातीला जवळ बसवून घेतले. पुढच्या चौदा एप्रिलला आमच्या नगरातून मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला एक अनोळखी कुटुंब भिंतीला पाठ लावून उभे होते. कुठले होते कोण जाणे. बहुतेक कामाला आलेले परप्रांतीय असावेत. आमच्या मुलीने त्यांना काही विचारले नाही. पाण्याचे दोन ग्लास भरून नेऊन दिले आणि त्यांच्या लहान मुलीचा हात धरून तिला लेझीम बघायला पुढे घेऊन आली.